पंधरा घोडे

मोटरीच्या टोपावर लिहिलंय: पंधरा घोडे.
आमच्या बेटावर घोडा कुणी पाहिलेला नाही.
शाळेच्या तक्त्यावर एक होता,
त्याचे मागचे पाय वाळवीनं खाल्ले.
तरी दोरी ओढताना मी त्या पंधराच्या पंधरांना
नावं ठेवतो,
आणि सासू, नावेच्या मध्यावर, टाकीला पाठ टेकून,
ऐकत नसल्यासारखी ऐकते.

दर मंगळवारी हेच.
पहाटे सेगेच्या बाजाराला निघायचं,
कसाव्याचे पानात बांधलेले पुडे, न्गालीचे दाणे,
ओल्या पोत्याखाली चार खेकडे.
पाव तास मोटर गुणी. मारोवोचं पाणी
नव्या कापडासारखं सरळ फाटत जातं.
मग खारफुटीचं टोक येतं, काळा खडक येतो,
आणि एक उचकी.
मग दोन.
मग नावेच्या बुडाशी नुसतं चुबुक चुबुक.

जागाच वाईट, असं गावात बोलू लागले.
लढाईच्या सालात तिथं म्हणे एक वैमानिक बुडाला,
पायात बूट होते त्याच्या.
मी वैमानिकाला काही बोललो नाही.
मी गावचा मिस्त्री. लोकांच्या मोटरी
माझ्या हाताखाली येतात आणि खोकणं सोडतात,
घरचीच तेवढी चारचौघांत मला तोंडावर पाडते.

प्लग काढले, घासले, तव्यावर भाजले,
शेवटी एक ट्यूना विकून नवे आणले.
कार्ब्युरेटर खोलला सासूच्या चटईवर
(त्यावरून दोन दिवस अबोला),
जेट डोळ्याला लावून सूर्य पाहिला:
तिळाएवढा, लख्ख.
पेट्रोल फडक्यातून गाळलं. पाण्याचा थेंब नाही.
नळीवरचा रबरी फुगा दर वेळी चपटा पडायचा,
त्यालाच गुन्हेगार ठरवून बदलला.
नवा फुगाही खडकापाशी चपटा.
शुक्रवारी सूर्य बुडाला, शब्बाथ लागला,
पाना होता तिथं ठेवावा लागला.
शनिवारी पास्टर टासा मनःशांतीवर बोलत होते
आणि मी डोळे मिटून
फ्लोटची सुई पुन्हा पुन्हा बसवत होतो.

परवा परत तो खडक.
अकरा वेळा दोरी ओढली. तळहाताची साल गेली.
सासू म्हणाली, पेट्रोल तरी आहे का बघू,
आणि झाकण फिरवलं.

फस्स्स्.

बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा
टाकीनं श्वास ओढला,
आणि आत गेलेल्या तिच्या पत्र्याच्या कुशी
टण् टण् करत बाहेर आल्या.

झाकण उलटं केलं. हवेच्या छिद्रात माती:
करंगळीच्या नखाएवढं मडकं, कुंभारीण माशीनं घडवलेलं,
आत पिल्लाची शिदोरी, एक गुंगीतला कोळी.
नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात.
हिचं नाक बुजलेलं, आणि मी महिनाभर
घसा तपासत बसलेलो.

सासूनं झग्याची टाचणी काढून दिली.
“इथवर आलं की हिला खड्डा पडतो,” म्हणाली,
“पाठ छान बसते त्यात.
मला वाटलं, तुला माहीत असेल.”

एका ओढीत सुरू झाली.
खडक मागं पडला, वैमानिक मागं पडला,
आम्ही दोघंही काही बोललो नाही,
आवाजच एवढा होता.

ते मडकं मी पाण्यात भिरकावणार होतो.
तिनं घेतलं, पानात गुंडाळलं, कोळ्यासकट,
आणि बाजारात न्गालीच्या ढिगाशेजारी
नीट मांडून ठेवलं.
येणारा जाणारा वाकून बघायचा. हे केवढ्याला?

“पंधरा घोडे,” ती सांगायची,
माझ्याकडे न बघता.